उपनगरांचे दप्तर

मुंबई उपनगर जिल्हा १९९० साली शहरापासून वेगळा झाला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके. मुलुंड आणि घाटकोपर कुर्ला तालुक्यात येतात. ज्या वर्षांत हा जिल्हा आकाराला आला, त्याच वर्षांत इथल्या मध्यमवर्गीय घरांत आणि सोसायट्यांच्या कचेऱ्यांत संगणक शिरला. त्यामुळे या उपनगरांच्या अलीकडच्या सामाजिक इतिहासाची साधने शोधताना माझ्यासारख्या अभ्यासकाला एक अडचण सतत येते. १९६०-७० च्या दशकांतले कागद पिवळे पडलेले असतात, पण वाचता येतात. १९९२ ते २००८ या काळातले कागद ‘हार्ड डिस्कमध्ये आहेत’ असे सांगितले जाते. ती डिस्क मिळते, संगणकाला जोडली की फिरतेही, आणि पुष्कळदा तिच्यातले मराठी वाचता येत नाही.

हे असे का झाले, याचा शोध घेताना मी एका साध्या घरगुती कृतीपाशी येऊन पोचलो. ती म्हणजे संगणकातले ‘माय डॉक्युमेंट्स’ हे फोल्डर उचलून बाहेरच्या हार्ड डिस्कवर नेणे. संगणक बदलताना, दुरुस्तीला देताना, घर बदलताना हजारो घरांत हे घडले. एका अर्थाने हे उपनगरांतल्या मराठी दप्तराचे स्थलांतरच होते. त्यात काय हलले आणि काय जागीच राहिले, हे या लेखात पाहायचे आहे.

रुमालापासून फोल्डरपर्यंत

दप्तर सांभाळणे आणि हलवणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. पेशवाईतले कागद कापडात बांधून ठेवत आणि त्या गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणत. १८१८ मध्ये राज्य गेले तेव्हा हे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात आले. इनामांच्या चौकशीसाठी त्यांना त्याची गरज होती, म्हणून त्यांनी ते राखले. पुढे पुण्यात त्यासाठी स्वतंत्र इमारत झाली. १९३० पासून गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. त्याआधी वि. का. राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून रुमाल शोधत हिंडले होते आणि १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले होते.

या प्रचंड संग्रहाची आजची अडचण कागद टिकण्यापुरती नाही. कागद मोडी लिपीत आहेत. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती, नंतर शाळेतून गेली, आणि वाचणारे कमी होत गेले. अक्षर कागदावर आहे, शाई उडालेली नाही, तरी बहुतेकांना तो कागद मुका आहे. रुमाल जपला आणि वाचणारा राहिला नाही, तर दप्तर अर्धेच उरते. हे वाक्य पेशवे दप्तराइतकेच बोरिवलीच्या माळ्यावरच्या हार्ड डिस्कलाही लागू पडते, असे माझे म्हणणे आहे.

अंधेरीची तबकडी

हार्ड डिस्क ही वस्तू आपल्याकडे बाहेरून आली, असे आपण गृहीत धरतो. तिचा जन्म अमेरिकेतला हे खरेच. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक नावाच्या यंत्राबरोबर पहिली चुंबकी तबकडी-साठवण बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या आणि त्यांत मावणारी अक्षरे ५० लाख. पण या इतिहासाचे एक पान अंधेरीतही आहे. १९७३ साली मरोळच्या औद्योगिक वसाहतीला लागून सांताक्रुझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन, म्हणजे आपले ‘सीप्झ’ सुरू झाले. आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीला फ्लॉपी ड्राइव्ह पुरवणारी टँडन कॉर्पोरेशन ही अमेरिकी कंपनी होती. तिच्याशी जोडलेल्या टँडन समूहाचे कारखाने ऐंशीच्या दशकात सीप्झमध्ये होते आणि डिस्क ड्राइव्हच्या भागांची जुळणी तिथे होत असे. सीप्झच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत बारीक जुळणीचे काम प्रामुख्याने मुली आणि बायका करत. १९८८ मध्ये टँडनचा हार्ड डिस्कचा व्यवसाय वेस्टर्न डिजिटलने विकत घेतला. आज बाहेरच्या हार्ड डिस्कवर ज्या कंपन्यांची नावे आपण नेहमी पाहतो, त्यांतली ही एक.

सीप्झचा माल निर्यातीसाठी होता. तो शेजारच्या घरांत येत नव्हता. अंधेरीच्या गल्लीत संगणक आला तो लॅमिंग्टन रोडवरून, सुटे भाग जोडून. नव्वदच्या दशकात घराघरांत हे ‘असेम्बल’ केलेले संगणक दिसू लागले. त्यांच्याबरोबर विंडोज आले आणि ‘माय डॉक्युमेंट्स’ हे नाव आले. पुढच्या दशकात एमएस-सीआयटीच्या वर्गांत असंख्य मराठी माणसे पहिल्यांदा माऊस धरायला शिकली. त्यांना सांगितले जाई की, आपली फाइल तिथे ‘सेव्ह’ करायची. ते फोल्डर प्रत्यक्षात सी ड्राइव्हच्या पोटात, वापरकर्त्याच्या नावाच्या कप्प्यात असे. याच सी ड्राइव्हवर विंडोज होते. संगणक बिघडला की दुरुस्तीवाला ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणे, आणि फॉरमॅट मारला की विंडोजबरोबर आपले कागदही जात. फोल्डर बाहेर काढण्याची पहिली गरज इथे निर्माण झाली. साधारण २००० नंतर यूएसबीचा वेग वाढला, बाहेरून जोडायच्या डिस्क स्वस्त होत गेल्या, आणि ही गरज भागवणे घरच्या घरी शक्य झाले.

हलवणे आणि नक्कल करणे

‘हलवणे’ हा शब्द इथे फसवा आहे. फाइल एकाच ड्राइव्हमध्ये एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात हलवली, तर तबकडीवरचा मजकूर जागचा हलत नाही. केवळ सूचीतला पत्ता बदलतो, म्हणून काम क्षणात होते. दुसऱ्या डिस्कवर हलवताना मात्र आधी नक्कल होते आणि मग मूळ पुसले जाते. म्हणजे हलवल्यानंतरही प्रत एकच उरते, फक्त तिचे घर बदलते. पुष्कळांनी फोल्डर बाहेरच्या डिस्कवर नेले आणि आता आपले कागद दुहेरी सुरक्षित झाले अशी समजूत करून घेतली. पुढे ती डिस्क टेबलावरून पडली, तेव्हा पडलेली प्रत एकुलती एक होती.

विंडोजमध्ये आणखी एक सोय होती. ‘माय डॉक्युमेंट्स’वर उजवी कळ दाबून त्याचे ठिकाणच बाहेरच्या डिस्कवर नेमता येई. मग संगणक प्रत्येक फाइल आपोआप तिथे ठेवत असे. पण बाहेरची डिस्क जोडताना तिला मिळणारे अक्षर कधी ई, कधी एफ, कधी जी. ते बदलले की संगणकाला आपले घर सापडेना. घरातले फोल्डर उघडेनासे होई आणि ‘सगळे उडाले’ असा गोंधळ उडे. प्रत्यक्षात काहीच उडालेले नसे. पाटी बदलली होती.

मुलुंड आणि भांडुपला उपनगरांतल्या इतर भागांहून वेगळी, महावितरणची वीज. त्या दशकात तिथे भारनियमन होते, तेव्हा शेजारच्या विक्रोळी-घाटकोपरला दिवे असत. फोल्डर हलत असताना वीज गेली की दप्तराचे दोन भाग होत. काही फायली नव्या जागी, काही जुन्या. एकाच सोसायटीच्या इतिवृत्ताची सलग वर्षे मला दोन वेगळ्या डिस्कवर विखुरलेली मिळाली आहेत. अशी विभागणी दिसली की मी आता कारण विचारत नाही, दुसरी डिस्क कुठे आहे ते विचारतो.

अभ्यासकाला या स्थलांतराच्या खुणा वाचता येतात. विंडोज प्रत्येक फाइलला ‘निर्मिती’ आणि ‘शेवटचा बदल’ अशा दोन तारखा लावते. फाइलची नक्कल दुसऱ्या डिस्कवर चिकटवली की बदलाची तारीख जुनीच राहते, पण निर्मितीची तारीख नक्कल केल्या दिवसाची पडते. त्यामुळे १९९९ मध्ये शेवटची बदललेली फाइल २००६ मध्ये ‘जन्मलेली’ दिसते. वरवर विसंगत दिसणारी ही जोडी जुन्या कागदावरच्या शिक्क्यासारखी आहे. दप्तराने घर कधी बदलले, ते ती सांगते.

२६ जुलै

२६ जुलै २००५ च्या पावसाचा आकडा सगळ्यांना पाठ आहे. सांताक्रुझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी. कुलाब्यात त्याच वेळी ७५ मिमीही पडला नव्हता. तो पूर प्रामुख्याने उपनगरांचा होता. मिठीकाठचे कुर्ला-कालिना, अंधेरीचे सखल भाग, तळमजले, चाळी पाण्याखाली गेल्या. या पुराच्या इतिहासात माणसे, घरे, गाड्या यांची नोंद आहे आणि ती आधी असायलाच हवी. कागदांची नोंद मात्र सहसा होत नाही.

त्या काळच्या संगणकाची मांडणी आठवून पाहा. पडदा टेबलावर आणि ‘सीपीयू’ म्हणून ओळखली जाणारी पेटी टेबलाखाली, जमिनीवर. सोसायटीची कचेरी बहुधा तळमजल्यावर, जिन्याखाली किंवा पंपाच्या खोलीशेजारी. डीटीपीची दुकानेही रस्त्यालगतच्या गाळ्यांत. पाणी चढले तेव्हा हार्ड डिस्क सगळ्यात आधी बुडण्याच्या उंचीवर होती. ओला कागद वाळवता येतो, निदान पसरून ठेवता येतो. गढूळ पाण्यात बुडालेली डिस्क घरच्या घरी वाळवून चालत नाही. तिच्यातून मजकूर काढणे खास प्रयोगशाळेचे काम, आणि तिथला खर्च सोसायटीच्या हिशेबात बसणारा नव्हता. माझ्याकडे आलेल्या डिस्कपैकी पुष्कळांवर पहिली मोठी नक्कल त्या पावसाळ्यानंतरची दिसते. ज्यांचे वाचले होते त्यांनी शेजाऱ्याचे गेलेले पाहिले आणि फोल्डर बाहेर काढून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले.

जागेवर राहिलेली किल्ली

वरच्या फळीवर गेले ते ‘माय डॉक्युमेंट्स’. त्यात काय होते? सोसायटीची इतिवृत्ते, सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, निवृत्त शिक्षिकेने केलेली भाषांतरे, गिरणी बंद पडल्यावर गिरणगावातून बोरिवलीला आलेल्या एका कामगाराचे दोनशे पानी आत्मकथन, दिवाळी अंकाला पाठवलेल्या आणि साभार परत आलेल्या कथा. यातले बहुतेक सगळे मराठीत, आणि ते मराठी एका विशिष्ट फॉन्टच्या आधाराने उभे.

युनिकोड सर्वत्र रुळण्याआधी संगणकावर मराठी लिहिण्याची युक्ती अशी होती. संगणकाला फक्त रोमन अक्षरांचे क्रमांक ठाऊक. मग फॉन्ट बनवणाऱ्याने रोमन अक्षराच्या घरात देवनागरीचा तुकडा बसवला; एका घरात अर्धा ‘क’, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात रफार. फाइलमध्ये साठे तो रोमन क्रमांकच. पडद्यावर मराठी दिसे, कारण मधे तो फॉन्ट उभा असे. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम, शिवाजी असे कितीतरी संच वापरात होते, आणि कोणत्या घरात कोणता तुकडा हे ज्याचे त्याने ठरवलेले. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाणित संकेतन होते, पण छपाईच्या दुनियेत चलन या फॉन्टांचे होते. नव्वदच्या आणि त्यापुढच्या दशकातले दिवाळी अंकही याच फॉन्टांत, पेजमेकरवर जुळवले गेले.

आता या गोष्टीचा कळीचा भाग. फाइल ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये राही आणि फॉन्ट विंडोजच्या स्वतःच्या ‘फॉन्ट्स’ या कप्प्यात. फोल्डर हलवणाऱ्याने आपले कागद नेले; फॉन्ट सी ड्राइव्हवरच राहिला आणि पुढच्या फॉरमॅटबरोबर पुसला गेला. शिवाय काही संचांना संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरच्या पोर्टमध्ये खोचायची कुलपासारखी एक डबी लागे. तिला डाँगल म्हणत. ती नसेल तर मराठी टंकता येत नसे. पुढे लॅपटॉप आले, त्यांना ते पोर्टच नव्हते. डबी जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेली. नव्या यंत्रावर गिरणी कामगाराचे आत्मकथन उघडले तर दोनशे पाने भरून रोमन अक्षरे, अवतरणचिन्हे आणि डॉलरच्या खुणा. मालकाला वाटते फाइल बिघडली. फाइल शाबूत आहे. तिची मोडी झाली आहे.

पेजमेकरची गत आणखी बिकट. त्याची शेवटची आवृत्ती २००१ साली आली. इनडिझाइनच्या सीएस-६ पर्यंतच्या आवृत्त्या त्या फायली उघडत, नंतरच्या उघडत नाहीत. म्हणजे फॉन्टबरोबर जुनी आज्ञावलीही राखावी लागते.

जुहूचे अक्षर

या कोंडीतून सुटण्याची वाटही उपनगरातूनच निघाली, ही गोष्ट मला विशेष वाटते. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक, फॉन्ट कोणताही असो, ही त्यामागची कल्पना. पण क्रमांक दिसायला अक्षर लागते. विंडोज २००० बरोबर देवनागरीसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट आला. तो रेखला र. कृ. जोशी यांनी. सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रात काम केलेले, पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक रचना केंद्रात शिकवलेले जोशी तेव्हा जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत होते. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. छपाईच्या रसिकांनी मंगलच्या दिसण्यावर टीकाही केली आहे. मात्र तो प्रत्येक संगणकावर आयता होता, त्याला डबी लागत नव्हती, आणि त्यात लिहिलेला मजकूर दुसऱ्या डिस्कवर नेला तरी मराठीच राहत होता. फोल्डर खऱ्या अर्थाने हलवता येऊ लागले ते तेव्हापासून.

बदल एका दिवसात झाला नाही. विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसण्यासाठी मूळ सीडी घालून एक जादा संच बसवावा लागे. डीटीपीवाले आपला सरावाचा कळफलक आणि जुना फॉन्ट सोडायला तयार नव्हते, छापखानेही नव्हते. त्यामुळे एकाच घरातल्या एकाच फोल्डरमध्ये साधारण २००० ते २०१० या काळात दोन्ही जातींच्या फायली शेजारी शेजारी नांदताना दिसतात. पत्रे युनिकोडमध्ये, पुस्तक श्री-लिपीत.

दऱ्या आणि दर्या

जुन्या फायली युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक उपलब्ध आहेत आणि त्यांनी मोठे काम केले आहे. पण ते वापरताना संपादकाची नजर लागते. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाआधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचेही तसेच. परिवर्तकाने प्रत्येक तुकडा उचलून योग्य क्रमाने लावला नाही तर शब्द मोडतो. मराठीची खास अडचण म्हणजे चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’. हिंदीसाठी बनवलेल्या परिवर्तकाला तो ठाऊक नसतो. मग सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ उतरताना ‘दर्या’ होतात आणि डोंगरातला माणूस समुद्रात जाऊन पडतो. इतिवृत्तातल्या आडनावांत, गाळ्यांच्या क्रमांकांत, हिशेबाच्या आकड्यांत असा एखादा तुकडा सरकला तर नुकसान केवळ शुद्धलेखनाचे राहत नाही.

हे महत्त्वाचे आहे, कारण उपनगरे आज पुन्हा बदलत आहेत. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत जुन्या इमारतींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. पुनर्विकासात मूळ सभासद कोण, गच्चीचा ठराव कधी झाला, कोणाची जागा किती, हे प्रश्न येतात आणि उत्तर असते नेमक्या त्या पंधरा वर्षांच्या इतिवृत्तांत. छापून सही-शिक्क्यानिशी नोंदवहीत चिकटवलेली असतील तर ठीक. ‘संगणकात आहे’ म्हणून वही भरणे सोडलेले असेल, तर सभासदांच्या हाती डॉलरच्या खुणा येतात. आणि इमारत पडण्याआधी घरे रिकामी होतात, तेव्हा माळ्यावरची बंद पडलेली डिस्क भंगारवाल्याकडे वजनावर जाते.

काय करता येईल

माझ्या अनुभवातून काही गोष्टी सांगतो. डिस्क जोडली की आधी तिच्यात काहीही न लिहिता सगळ्याची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. जुना संगणक अजून चालू असेल तर कागदांबरोबर त्याचा ‘फॉन्ट्स’ कप्पाही उतरवून घ्यावा. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती कराव्यात. पहिली मूळ, हात न लावलेली. दुसरी पीडीएफ, तिच्यात फॉन्ट आतच बांधलेला असतो, त्यामुळे पान जसे होते तसे दिसते, मात्र जुन्या फॉन्टमुळे त्यात मराठी शब्द शोधता येत नाही. तिसरी युनिकोडमधली, शोधता येईल अशी आणि पीडीएफशी ताडून तपासलेली. डिस्कबरोबर एक साधा कागद ठेवावा. कोणाचे फोल्डर, कोणत्या वर्षांचे, कोणत्या फॉन्टात, कोणत्या आज्ञावलीत. जुन्या रुमालावर आतल्या कागदांची चिठ्ठी बांधत, तशीच ही चिठ्ठी. आणि एक प्रत घराबाहेर, शक्यतो दुसऱ्या उपनगरात असावी. २६ जुलैला शेजारचे घर उपयोगी पडले नव्हते.

याहून निकडीचे काम माणसांचे आहे. त्या काळात स्टेशनबाहेरच्या गाळ्यांत बसून इतरांचे मराठी जुळवणारे डीटीपी ऑपरेटर आज साठीच्या आसपास आहेत. रोमन खुणांचा एक परिच्छेद पाहून ‘हा आकृती नव्हे, श्री-लिपी, आणि तोही जुन्या आवृत्तीचा’ असे सांगणारी माणसे मी पाहिली आहेत. मोडीचा जाणकार कागदाचे वळण पाहून काळ सांगतो, त्याच जातीचे हे ज्ञान आहे. ते कोणी लिहून ठेवलेले नाही. पेशवे दप्तराला वाचक कमी पडायला शंभरेक वर्षे लागली. उपनगरांच्या दप्तराला पंचवीसही पुरली आहेत. स्थानिक ग्रंथालयांनी येत्या उन्हाळ्यात आपापल्या भागातल्या अशा दोन-चार जणांना बोलावून, सभासदांकडच्या जुन्या डिस्क एका टेबलावर मांडल्या, तर पुष्कळ फायलींना पुन्हा वाचा फुटेल. गिरणी कामगाराच्या आत्मकथनातली पहिली साठ पाने अशाच एका ऑपरेटरच्या मदतीने उतरवून झाली आहेत. उरलेल्या एकशे चाळीस पानांचे काम चालू आहे.